आई-बाबांची पंचवीसवी: अंगणात मांडव, तालुक्याचं लॉन की शेतात रोडगे?

आपल्याकडे विदर्भात निम्म्या घरांचे लग्नाचे वाढदिवस एप्रिल-मेमध्ये येतात, कारण तेव्हा कापूस-तूर विकून हातात पैसा असायचा, वावर रिकामं असायचं, पोट्ट्यांच्या शाळेला सुट्ट्या असायच्या, मग लागायची लग्नं. ते ठीक होतं. पण आता त्याच तारखेला पंचवीसवी नाहीतर पन्नासावी करायची म्हणजे ४५ डिग्रीत पाहुणे बोलवायचे, आणि जागा कोणती घ्यायची यावरून बहीण-भावांत वाद. पुण्याला नोकरीवर असलेल्या भावाला लॉन पाहिजे, स्टेज पाहिजे, फोटोंची स्क्रीन पाहिजे, गावातला काका म्हणते घर असताना बाहेर काहून, आणि आई म्हणते काहीच नका करू (म्हणजे करा, पण मी सांगितलं असं नको).

माझा हिशोब सरळ आहे. महिना कोणता आणि त्या दिवशी आईला किती काम पडेल, हे दोन प्रश्न आधी. बजेट त्याच्या नंतर. काहून, ते प्रत्येक जागेचं सांगताना कळेलच.

आधी घर. घरी केलं की सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गावातलं कोणी सुटत नाही, म्हातारी मोठी माय खाटेवरून उठून दोन पावलं चालत येते, तिला गाडीत घालून तालुक्याला न्यावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा तोटाही तोच, कोणी सुटत नाही! अंगणात मांडव पडला म्हणजे गल्लीत चूलबंद (अख्ख्या घराला) आवतन द्यावंच लागते, एक घर सोडलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागते. तुम्ही मनात दीडशे पानं धरली असतील तर तीनशेची तयारी ठेवा. खर्च तरी हातात राहतो, आचारी मजुरी घेतो आणि किराण्याची यादी देतो, सामान तुम्ही आणायचं, उरलं ते तुमच्याच घरी. माणसं वाढली तर वरणात अजून गंजभर पाणी आणि पुऱ्यांचा एक घाणा जास्त, कोणाला कळतसुद्धा नाही. गंज, कढया, सतरंज्या, खुर्च्या बिछायत केंद्रावरून येतात, फक्त मोजून घ्या आणि मोजूनच परत द्या, झारा हरवला की त्याचेही पैसे लावतात. गॅस मात्र व्यावसायिक, १९ किलोवाला सिलिंडर घ्या, घरचा लाल सिलिंडर आचाऱ्याच्या भट्टीला लावणं नियमात बसत नाही.

पण राजेहो, घरच्या कार्यक्रमात आईचं काय होते ते बघा. नवी साडी नेसून, गजरा माळून बसवलेली असते खुर्चीवर, आणि मागच्या दारातून आवाज येतो, "काकू, हिंग कुठे आहे?" मग "काकू, तेलाचा दुसरा पिपा?" मग कोठीची चाबी. मग दही आंबट निघालं म्हणून शेजारून मागवा. हार घालायची वेळ होते तेव्हा तिच्या हाताला बेसन लागलेलं असते. तर घरी करायचंच असेल तर कोठीची चाबी आदल्या रात्रीच सुनेच्या नाहीतर मामाच्या ताब्यात द्या आणि आचाऱ्याला सांगून ठेवा की काकूला आवाज द्यायचा नाही. मे महिन्यात दुपारचा कार्यक्रम तर घरी धरूच नका, कापडी मांडवाखाली चार जंबो कुलर लावले तरी समोरच्या ओळीलाच हवा लागते, मागचे लोकं पत्रावळीनं वारा घेत जेवतात. संध्याकाळी करा, त्यातही वावधन (वादळी वारा) सुटलं की मांडव फडफडते आणि लाईट जाते, जनरेटरवाल्याला आधीच बोलून ठेवा.

आता लॉन. तालुक्याच्या लॉनवर आई खरंच बसून राहते, हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. गाद्या, लाईट, पाणी, झाडझूड सगळं त्यांच्याकडे. माणसं मोजून बोलावता येतात आणि गावातही चालून जाते, "जागाच कमी होती" म्हणता येते. पण पैसे कुठे लागतात ते आधी विचारा. भाडं सांगतात तेवढंच नसते, लाईट बिल मीटरप्रमाणे वेगळं, जनरेटरचं डिझेल वेगळं, सफाई वेगळी, आणि जेवण बाहेरच्या केटररचं चालते का त्यांचाच घ्यावा लागते हेही विचारून घ्या. केटरर ताटाचा भाव लावतो आणि कमीत कमी ताटं ठरवून घेतो, दोनशे सांगितले आणि एकशे चाळीस आले तरी बिल दोनशेचंच. लग्नसराईत तर चांगली तारीख लग्नवाल्यांनी आधीच धरलेली असते आणि वाढदिवसवाल्याला ते ताटकळत ठेवतात, कारण त्यांना मोठं गिऱ्हाईक पाहिजे असते. एक फट आहे मात्र, अधिक महिना. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, त्यात लग्नं लागत नाहीत, लॉनं रिकामी, भाव करायची बाजू तुमची. वाढदिवसाला मुहूर्त लागत नाही आणि तसंही जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचंच असते, दोन्ही एकाच दिवशी आटपते.

लॉनवर अजून एक घोळ म्हणजे वेळ. साडेसातची वेळ टाकतात, स्टेजवर भाषणं, केक, फोटो होता होता साडेनऊ, दहा वाजता कायद्यानं साऊंड बंद, आणि खेड्यावरून आलेले लोकं तर त्याच्या आधीच जेवून निघतात, कारण शेवटची एसटी गेली की रात्री मोटरसायकलवर बायकापोरांना घेऊन जावं लागते. त्यांनी तुमचा केक पाहिलाच नसतो. केकचं निघालंच तर गावी तालुक्यावरून मोटरसायकलवर आणू नका, मे महिन्यात डब्बा उघडला की वरची नावं खाली उतरलेली असतात.

आणि तिसरं, जे लोकं मोजतच नाहीत, शेतातले रोडगे. याच्यासाठी तारीख सरकवावी लागते, डिसेंबर-जानेवारीत न्यावी लागते, आणि सरकवायला काय हरकत आहे, जुन्या माणसांना तसंही तिथी आठवते, तारीख पत्रिका काढून बघावी लागते. तूर हिरवी असते, वांगी बाजारात चांगली आणि स्वस्त असतात, ऊन अंगाला गोड लागते. आणि रोडगे लावणं हे आपल्याकडे गड्यांचं काम. जाडसर कणकेच्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवतात, वरून पारी चढवून गोळा बंद करतात, गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यात पुरतात, फिरवत राहतात, मग बाहेर काढून कापडात घोळून राख झाडतात, हातानं फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी भरपूर सांबार (कोथिंबीर) टाकून, घट्ट वरण, झालं. काका, मामा, जावई सगळे धुरात डोळे चोळत असतात आणि बायका निंबाच्या सावलीत बसून गप्पा मारतात. आई त्या दिवशी एकदा उठत असेल, तेही भाजीत मीठ बघायला, ते कोणी थांबवू शकत नाही.

तोटे आहेत. शे-सव्वाशेच्या वर लोकं झाली की रोडगे पुरत नाहीत आणि भाजायला वेळ लागते, दोनचं जेवण चारला होते. पाण्याचे कॅन आणि बायकांसाठी बाथरूमची सोय जवळच्या घरी बघून ठेवावी लागते, हे कोणी आधी बोलत नाही आणि मग सगळ्यांची पंचाईत होते. ओलितासाठी दिवसा लाईन (वीज) राहीलच याचा भरवसा नाही, म्हणून साऊंड बॅटरीवरचा न्या. उन्हाळ्यात मात्र हा नाद नको, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), कुटाराची (भुशाची) गंजी, वारा, एक ठिणगी पुरते.

शेगावचंही बरेच लोकं विचारून राहिले. आई-बाबा भक्त असतील आणि घरचे पंधरा-वीस जण असतील तर छान, दर्शन, महाप्रसाद, येताना कचोरी. फक्त गुरुवार-रविवार आणि प्रकटदिनाची गर्दी टाळा, आणि तिथे केक-नाचणं डोक्यातून काढून टाका. चिखलदरा दोघांना पाठवायला मस्त, १,१०० मीटरच्या वर आहे, मे महिन्यात बरं वाटते, पण पाहुण्यांसाठी नाही, परतवाड्याहून घाट चढताना निम्मी गाडी पिशव्या मागते.

तर माझं मत असं. तारीख हलत असेल आणि माणसं शंभराच्या आत असतील तर डोळे मिटून रोडगे. तारीख मे महिन्यातलीच पाहिजे आणि गाव जेवू घालायचं असेल तर घर, संध्याकाळी, चाबी मामाकडे. माणसं दोन्हीकडची, नोकरीवाली, बाहेरगावची जास्त असतील तर लॉन, पण ताटं वीस टक्के कमी सांगा आणि वाढली तर त्याच भावानं देईल हे कागदावर लिहून घ्या. काहीही ठरवा, आवतन द्यायला स्वतः जा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोला आपल्याकडचे म्हातारे आवतन धरत नाहीत. पेरणीच्या तोंडावर आणि सोयाबीन काढणीत काही ठेवू नका, लोकं येणार नाहीत आणि आले तरी डोळे आभाळाकडे. "आहेर आणू नये" छापलं तरी टोपी-दुपट्टा आणि ब्लाऊजपीस येतीलच, परतीसाठी आपल्याकडचे दोन-तीन डझन आणून ठेवा.