हाताने पंप करायची पेशंट लिफ्ट: गोव्यातल्या घरात कशी चालते?

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेला मुलगा सोळा-सतराचा झाला की सहज 40-45 किलो भरतो. तो गळ्यात हात टाकून साथ देऊ शकत नाही, म्हणून तेच वजन आईच्या हातात आणखी जड लागतं. मध्येच स्पाझम (स्नायूंचा अचानक ताठरपणा) आला तर अंग धनुष्यासारखं मागे ताणतं आणि दोघांचाही तोल जातो. अशा मुलाला कापडी झोळीत घेऊन पलंगावरून खुर्चीत ठेवणारं यंत्र म्हणजे पेशंट लिफ्ट. बहुतेक घरांत ती येते आईची कंबर कामातून गेल्यावर. खरं तर मूल 25-30 किलोचं झालं की ती आणावी, म्हणजे त्यालाही तिची सवय लहानपणीच होते.

यंत्र साधं आहे. खाली पसरता येणारे दोन पाय, मधे खांब, पुढे आलेला दांडा, त्याला हुकांचा आडवा बार आणि हायड्रॉलिक पंप. या प्रकारातल्या बऱ्याच लिफ्ट 150 किलोपर्यंत उचलतात, तेव्हा वजनाची काळजी नको. घोटाळा होतो तो मापांत. लिफ्टचे पाय पलंगाखाली शिरायला 12 सेंटिमीटरच्या वर मोकळी जागा लागते. खाली कप्पे असलेल्या बॉक्सच्या पलंगाला ती नसतेच. साध्या पलंगाच्या पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे बसवून घेतले की काम होतं. नुसत्या विटा ठेवू नका, सरकतात.

जुन्या कौलारू घरांत दुसरी अडचण उंबरठ्याची. पुढची चाकं लहान असतात, ती उंबरठ्याला अडतात आणि वर लटकलेलं मूल झोका खातं. माणूस वर असताना लिफ्ट उंबरठ्यावरून किंवा राजांगणाच्या (घरामधल्या चौकाच्या) चिऱ्यांवरून कधीच ढकलू नये. व्हीलचेअर पलंगाजवळ आणायची, लिफ्टने तेवढंच अंतर पार करायचं. न्हाणीत न्यायचं असेल तर चाकांची शॉवर-चेअर वापरा.

यंत्रापेक्षा स्लिंग, म्हणजे बाराला लटकणारी कापडी झोळी, महत्त्वाची, आणि दुकानात नेमकं तिच्याकडेच कमी लक्ष दिलं जातं. घालायला सोपी म्हणून टॉयलेट स्लिंग (बुडाखाली उघडी असलेली) गळ्यात मारतात. धड सावरता न येणारं मूल तिच्यातून खाली घसरू शकतं. मान धरत नसेल तर डोक्याला आधार असलेली पूर्ण अंगाची स्लिंगच हवी, मापाची. मोठी घेतली तर मूल आत बुडतं, लहान घेतली तर मांड्यांना काचते. सांधा निखळलेला असेल किंवा पाठीला बाक असेल, तर पायांचे पट्टे कसे घ्यायचे ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा.

मुलाला कुशीवर वळवून अर्धी गुंडाळलेली स्लिंग पाठीमागे सरकवा. मधली शिवण कण्यावर आणि खालची कड माकडहाडापाशी यायला हवी. दुसऱ्या कुशीवर वळवून ती पसरा. पायांचे पट्टे मांड्यांखालून काढून एकातून दुसरा ओवा. पट्ट्यांच्या टोकांना वेगवेगळ्या लांबीचे रंगीत फास असतात; डावी-उजवीकडे एकाच रंगाचे फास बाराच्या हुकांत लावा. खांद्याचे फास आखूड आणि पायांचे लांब घेतले की मूल बसतं होतं. उलट केलं तर आडवं राहतं. वर घेताना लिफ्टचे पाय पसरलेले ठेवा आणि चाकांचे ब्रेक मोकळे, म्हणजे यंत्र स्वतःच भाराखाली येतं. गादीपासून चार बोटं उचललं की थांबा आणि सगळे फास हाताने तपासा.

याच थांब्यात सगळा विश्वास बसतो किंवा मोडतो. लटकलेल्या माणसाला छत दिसतं, आईचा चेहरा दिसत नाही. तो घाबरला की स्पाझम येतो, आणि दोष मशीनला जातो. पंप मारणारा बाजूला असतो, म्हणून पहिले काही आठवडे दोघं लागतातच: एक पंपावर, दुसरं त्याच्या डोळ्यांसमोर, एक हात गुडघ्यांवर. ‘बाबू, वर घेते हां’ म्हणून त्याच्या होकारासाठी थांबा. तो पापणी मिटून हो म्हणत असेल तर पापणी मिटेपर्यंत पंप मारू नका. बोलता येत नाही म्हणून विचारायचं नाही, असं करणाऱ्या घरात लिफ्ट कोपऱ्यात पडून राहते.

उतरवताना पंपाचा व्हॉल्व्ह किंचितच उघडा. एकदम उघडला तर मूल आदळतं. गुडघे हलकेच मागे रेटा म्हणजे बूड खुर्चीच्या पाठीला टेकतं. मग स्लिंग काढून घ्या. तशीच खाली ठेवली तर सुरकुत्यांनी त्वचा सोलते. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर स्लिंगचं माप आणि बसणं पुन्हा तपासा.

मोरजीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारी हवा चाकांचे आस गंजवते. दर महिन्याला पुसून तेल द्या. पावसाळ्यात जाड स्लिंग दोन दिवस वाळत नाही, म्हणून जाळीच्या पॉलिएस्टरच्या दोन घ्या. फासाची शिवण उसवलेली दिसली की ती स्लिंग लगेच बाद करा. घरी टाके घालून वापरू नका. घेण्याआधी दुकानातच 50 किलोचं तांदळाचं पोतं लटकवून खांबावर खडूची खूण करा. पंधरा मिनिटांत बार खाली आला असेल तर पंप गळतो, ती लिफ्ट घेऊ नका.

आणखी एक माप घ्या: बार जमिनीपासून किती खाली येतो. काही मॉडेलमध्ये तो पलंगाच्या उंचीपर्यंतच उतरतो. तशा लिफ्टने मुलाला जमिनीवर बसवता येत नाही. चवथीला सगळं घर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखाली) चटईवर बसलेलं असतं, आणि मुलालाही तिथेच बसायचं असतं.