कट्ट्यावरची धार की पिशवी?

कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीत नाहीतर मिरजकर तिकटीला म्हशी येऊन उभ्या राहिल्या की कट्ट्याभोवती माणसं जमतात. डोळ्यांदेखत धार निघते आणि फेसाळलेला कोमट पेला हातात येतो. घरातलं पोरगं नुकतंच तालमीत जायला लागलं असेल, तर त्याला हे धारोष्ण द्यायचं की पिशवीचं, हा प्रश्न निघतोच.

चवीत पिशवी हरते, हे आधीच मान्य करतो. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. पिशवीत फुल क्रीम घेतलं तर ६ टक्के, टोन्ड घेतलं तर ३. टोन्डचं दही कवडीदार लागत नाही, अशी तक्रार करण्याआधी पिशवीवर काय छापलंय ते बघा.

कट्ट्याचा मोठा गुण म्हणजे भेसळीची शंका नाही. पाणी नाही, पावडर नाही. पण इथंच आपली गल्लत होते. भेसळ नसणं वेगळं आणि जंतू नसणं वेगळं. हात, कास, भांडं स्वच्छ ठेवलं की शेण-मातीतले जंतू कमी होतात, हे खरं. मात्र ब्रुसेला हा तापाचा जंतू आणि गुरांच्या क्षयाचा जंतू जनावराच्या अंगातूनच दुधात उतरू शकतात. कितीही धुवा, कितीही गाळा, ते जात नाहीत. म्हस तुकतुकीत दिसते, यावरूनही काही कळत नाही.

हे माल्टा बेटावर उमगलं. तिथं ब्रिटिश सैनिक एका चिवट तापानं आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्या तापाचा जंतू वेगळा काढला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झमित या तिथल्याच डॉक्टरांना तो शेळ्यांमध्ये सापडला. शेळ्या चांगल्या धडधाकट दिसत होत्या. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं ओसरला. ब्रुसेला हे नाव ब्रूस यांच्यावरूनच पडलं.

पिशवीतलं दूध पाश्चरीकरण केलेलं असतं, म्हणजे ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. त्यात हे जंतू मरतात, सगळे मात्र मरत नाहीत. म्हणून पिशवी थंड राहणं महत्त्वाचं. दुकानाबाहेर उन्हात क्रेटमध्ये पडलेली पिशवी मी घेत नाही.

‘तापवलं की ताकद जाते’ हे तालमीत हमखास ऐकू येतं. कॅल्शियम जात नाही. प्रथिनांची घडी उलगडते, पण पोटातलं आम्लही तेच करतं; अंगाला लागायचं ते लागतंच. क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात. त्यातलं क मुळातच दुधात नावापुरतं असतं.

माझं मत विचाराल तर दूध कट्ट्यावरचंच घ्या, पण किटलीत घेऊन घरी या आणि लगेच उकळा. उकळी फुटल्यावर पळीनं हलवत दोन मिनिटं ठेवा. भेसळीची धास्ती नाही, जंतूंची नाही, वर जाड साय. कट्टा लांब असेल किंवा घरी यायला तास-दीड तास लागणार असेल, तर सरळ फुल क्रीम पिशवी घ्या. कोमट दुधात जंतू फार भराभर वाढतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेही घरात असेल, तर त्यांच्यासाठी कच्च्या पेल्याचा विचारच नको. ब्रुसेलानं गर्भपात होऊ शकतो.

कच्चं दूध पिणाऱ्या पोराला चढता-उतरता ताप, रात्री घाम, कंबर-सांधे धरणं असं आठवडाभर चाललं, तर तालमीतला थकवा म्हणून सोडू नका. दवाखान्यात गेल्यावर कच्च्या दुधाचं आपणहून सांगा. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलाच्या तापाचं निदान होतं. औषध साधारण ६ आठवडे चालतं, ते मध्येच सोडलं की ताप पुन्हा उलटू शकतो.