प्राण्यांच्या घरांची इंग्रजी चित्रकार्डं: जूनपासूनच्या वापरानंतर

सोलापूर जिल्ह्यात माळरानाला लागून असलेल्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. कोणता प्राणी कुठे राहतो याचे इंग्रजी शब्द शिकवायला हा संच घेतला. जूनपासून कार्डं वर्गात फिरताहेत. लॅमिनेशन चांगलं आहे, चित्रं ठसठशीत आहेत. डेन (गुहा), हाइव्ह (मधमाश्यांचं पोळं), वेब (कोळ्याचं जाळं) हे शब्द मुलांच्या तोंडी सहज बसले. पाण्याकाठी राहणाऱ्या बीव्हर या प्राण्याचं घर, म्हणजे लॉज, तर सगळ्यांचं लाडकं: काटक्या आणि चिखलाचा ढीग, आत कोरडी खोली, पण आत शिरायची वाट पाण्याखालून.

खरी मजा आली ती सशाच्या कार्डावर. तिथे रॅबिट आणि बरो अशी जोडी आहे. चौथीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, ससा कुठं बीळ करतोय? त्यो गवतात दबून बसतोय." त्याचं अगदी बरोबर आहे. आपल्या माळावरचा ससा म्हणजे हेअर. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाने दाबून केलेल्या उथळ जागेत बसतो, तिला इंग्रजीत फॉर्म म्हणतात. रॅबिटची पिल्लं बिळात सुरक्षित असतात, म्हणून बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मली तरी चालतं. हेअरची पिल्लं उघड्यावर जन्मतात, ती अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच. हे समजल्यावर दोन्ही शब्द मुलं विसरली नाहीत. संचात मात्र हेअर नाही, फॉर्मही नाही.

नेस्टच्या कार्डावर झाडावरचं वाटीसारखं घरटं आहे. आमच्या मुलांनी टिटवीची अंडी पाहिलेली असतात: जमिनीवर नुसता उथळ खळगा, कडेला चार खडे, त्यात खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. याला स्क्रेप म्हणतात. ते कार्ड मी हाताने काढून संचात घातलं.

ग्रासलँडच्या कार्डाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सिंह, झेब्रा, जिराफ, सगळं आफ्रिकेचं. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यातलं काहीच नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, आणि मुलांना ग्रासलँड म्हटलं की परदेश आठवावा? माळाला पडीक जमीन समजण्याची सवय इथूनच लागते.

वनस्पतींचा भाग फारच तोकडा आहे. वाळवंटात कॅक्टस, तळ्यात कमळ, संपलं. खारफुटीचं एक कार्ड चांगलं आहे, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं स्पष्ट दिसतात. पण गवत कुठेच नाही. कुसळीचं बी आम्ही वर्गात ओलं करून पाहिलं. त्याची पिळदार शेपटी पाणी लागताच उलगडून फिरू लागते, आणि ओलं-कोरडं होत बी मातीत घुसतं. स्पिअर ग्रास हा कुसळीसाठीचा इंग्रजी शब्द त्या दिवशी फळ्यावर लिहावाही लागला नाही.

तिसरी ते पाचवीसाठी संच जरूर घ्या, सोबत कोरी कार्डंही ठेवा. आणि प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत दख्खनच्या माळरानाची निदान पाच-सहा कार्डं घालावीत, ही मनापासून विनंती.