जीडीबी रिव्ह्यू: रस्ट, सी आणि फोर्ट्रान एकाच स्टॅकमध्ये असतील तर

मिक्स भाषांचा प्रोग्राम क्रॅश झाला की बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी, तिची प्रत्येक पायरी म्हणजे एक फ्रेम) फंक्शनची नावं तर जवळपास सगळेच डिबगर, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत बघायची टूल्स, दाखवतात. माझ्या मते खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे, ज्या फ्रेममध्ये उभे आहात तिथे त्या फ्रेमच्या भाषेत प्रश्न विचारता येतो का, आणि इथे जीडीबी या डिबगरसारखं दुसरं टूल मला तरी मिळालेलं नाही. 1986 पासूनचं टूल आहे, फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण हे काम जबरदस्त करतं.

माझा नेहमीचा केस म्हणजे बाहेरून रस्ट, मध्ये सी चा पातळ थर आणि तळाला फोर्ट्रानचं गणित, म्हणजे ब्लास-लापॅक (मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्ररी) टाइप कोड. जीडीबी डिफॉल्टला 'लँग्वेज ऑटो' वर असतो. कंपायलर ड्वार्फ माहिती (डिबगरसाठी बायनरीत ठेवलेली माहिती) लिहितो तेव्हा प्रत्येक कंपाइल युनिटवर भाषेचा एक नंबर टाकतो (रस्टचा 28, स्विफ्टचा 30 असं ठरलेलं आहे), जीडीबी तो वाचतो आणि तुम्ही अप-डाऊन कमांड देत फ्रेम बदललीत की भाषा आपोआप बदलते. फोर्ट्रानच्या फ्रेममध्ये ॲरे गोल कंसात लिहायचा, डेराइव्ह्ड टाइपच्या (सी च्या स्ट्रक्टसारखा) आतलं फील्ड पर्सेंट लावून मागायचं, नाव कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं, वर कॉमन ब्लॉक (अनेक फंक्शननी वाटून घेतलेली मेमरी) बघायला 'इन्फो कॉमन' आहे. तिथून एक अप मारून सी मध्ये आलात की तीच मेमरी शून्यापासून मोजायची आणि रो-कॉलमचा क्रम उलटा, त्यामुळे मॅट्रिक्स ट्रान्सपोज होऊन जातोय का हे दोन मिनिटांत कळतं. ज्यांनी हा बग प्रिंट टाकून शोधलाय त्यांना याची किंमत कळेल.

भाषा हाताने पण बदलता येते, 'सेट लँग्वेज सी' वगैरे. फ्रेमशी जुळत नसेल तर 'शो लँग्वेज' तशी वॉर्निंग देतं. काम झालं की आठवणीने परत ऑटो करा, नाहीतर ती भाषा तशीच चिकटून राहते आणि पुढच्या फ्रेममध्ये सरळ एक्स्प्रेशनला पण एरर येते.

नावांचं थोडं सांगते कारण नवीन लोक इथेच अडकतात. रस्टची जुनी मँगलिंग पद्धत (फंक्शनचं नाव बायनरीत सांकेतिक रूपात लिहायची पद्धत) सी प्लस प्लसच्याच अंडरस्कोर-झेड-एन साच्यात बसवलेली आहे, म्हणून फक्त सी प्लस प्लस समजणारं टूलसुद्धा ती अर्धवट वाचतं, फक्त शेवटी 16 अक्षरी हॅश लटकत राहतो आणि अँगल ब्रॅकेटच्या जागी डॉलरवाले तुकडे दिसतात. नवीन पद्धत अंडरस्कोर-आर ने सुरू होते, ती वाचायला बिनयुटिल्सची (बायनरी फाइल हाताळायच्या टूल्सचा संच) बऱ्यापैकी नवीन आवृत्ती पाहिजे, जुन्या सर्व्हरवर नावं कच्चीच दिसतील. डिसअसेम्ब्लीमध्ये (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) नावं कच्ची येत असतील तर 'सेट प्रिंट एएसएम-डीमँगल ऑन' करा, ते डिफॉल्टला बंद असतं.

आता कमी काय. रस्टचा सपोर्ट 2016 च्या 7.12 पासून आहे पण ट्रेट (रस्टमधले इंटरफेस) त्याला कळत नाहीत, ऑपरेटर ओव्हरलोडिंग नाही, मॅक्रो नाहीत, म्हणजे कोडमधली ओळ उचलून जशीच्या तशी प्रिंटला देता येईल असं समजू नका. व्हेक (रस्टचा वाढता ॲरे) आणि स्ट्रिंग नीट दिसायला साधा जीडीबी न चालवता रस्टसोबत येणारा रस्ट-जीडीबी चालवा. आणि गो साठी मी जीडीबी सुचवणार नाही, गो च्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की त्याचे स्टॅक, थ्रेड आणि रनटाइम जीडीबीच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहेत, त्यासाठी डेल्व्ह हा गो चा डिबगर घ्या.

आणि हे सगळं डिबग माहिती असेल तरच. कार्गोच्या (रस्टचं बिल्ड टूल) रिलीज प्रोफाइलमध्ये डिबग 1 दिलंत तर लाइन नंबर येतील पण व्हेरिएबल येणार नाहीत, 2 द्या. सी आणि फोर्ट्रानला डॅश-जी लावा, आणि फायनल बायनरी स्ट्रिप करायची, म्हणजे त्यातून डिबग माहिती काढून टाकायची असेल तर आधी सिम्बॉल (ती माहिती) वेगळ्या फाइलमध्ये काढून त्याच बिल्डसोबत जपून ठेवा.