कुलमुखत्यारपत्रासाठी घेतलेली वकिली सेवा : नाशिकमधील अनुभव

सासऱ्यांच्या कुलमुखत्यारपत्रासाठी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणाऱ्या कागदासाठी, आम्ही नुकतीच शरणपूर रस्त्यावरील एका वकिलांची सेवा घेतली. आग्रह इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भाऊजींचा होता. तिकडे २००५च्या कायद्यानुसार ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’, म्हणजे टिकून राहणारे कुलमुखत्यारपत्र, करता येते. मालमत्तेसाठी एक आणि आरोग्यासाठी दुसरी. तिची सरकारदरबारी नोंदणी झाली की, करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेल्यावरही ती लागू राहते.

वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, करून देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले की मुखत्याराचे अधिकार संपुष्टात येतात. म्हणजे ज्या दिवसाच्या धास्तीने आपण कागद करायला जातो, नेमका त्याच दिवशी तो निकामी ठरतो. रुग्ण कोमात गेल्यास पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागते. हे न सांगता ठरावीक मसुदा हाती ठेवून शुल्क घेणे त्यांना सहज शक्य होते, आणि तसे करणारे आम्हाला आधी भेटलेही होते.

त्यानंतर त्यांनी आम्हाला बाहेर बसवून सासऱ्यांशी एकट्याने चर्चा केली. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. मसुद्यातील ‘सर्व प्रकारचे व्यवहार’ हे शब्द पेन्सिलने खोडून बँक, घरपट्टी, भाडेकरार असा एकेक अधिकार त्यांनी विचारून लिहिला. पंचवटीतील घर विकण्याचा अधिकार सासऱ्यांनी दिला नाही, आणि तो वगळण्यात आला. उपचारांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले आणि २०२३ साली सुलभ केलेले वैद्यकीय इच्छापत्र (स्वतः निर्णय घेता येत नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद) वकीलसाहेबांनी वेगळे करून दिले. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचे साक्षांकन पुरते. एक प्रत महापालिकेकडे व एक घरच्या डॉक्टरांकडे द्यायची असते.

उणिवाही आहेत. पहिला मसुदा इंग्रजीत आला. मराठी प्रत मागितल्यावर मिळाली, पण ज्याची सही घ्यायची त्याला वाचता येईल असा कागद मुळातच द्यायला हवा. शुल्काची पावतीही मागावी लागली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. मात्र आधी कळवल्यास वकीलसाहेब ज्येष्ठांच्या घरी येतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.