नायमेखनचे ‘फेलिक्स’: थंड आयनांच्या अवरक्त वर्णपटासाठी कितपत उपयोगाचे?

टेबलावर मावणारे लेसर ३ मायक्रोमीटरच्या आसपास चोख काम करतात. मात्र रेणूची ओळख पटवणारी बरीचशी कंपने ६ ते २० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात येतात आणि तिथे पुरेसा प्रखर, सलग बदलता येणारा प्रकाश मिळवणे अजूनही सोपे नाही. नेदरलँड्समधील नायमेखन शहरातले ‘फेलिक्स’ हे फ्री इलेक्ट्रॉन लेसर (वेगवान मुक्त इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश मिळवणारा लेसर) केंद्र बाहेरच्या संशोधकांची नेमकी हीच अडचण दूर करते. अवरक्त विभागातील त्याचे लेसर मिळून ३ ते १५० मायक्रोमीटरचा पल्ला गाठतात.

या प्रकाशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मी तिथल्या ‘फेलिऑन’ या यंत्राला देईन. भौतिकशास्त्रज्ञ दीटर गेर्लिश यांनी रूढ केलेला बावीस दांड्यांचा आयन-सापळा त्याच्या केंद्रस्थानी आहे. मूळ रचनेत जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या दांड्या १० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती उभ्या असतात. त्यामुळे मधला बहुतेक भाग विद्युतक्षेत्रापासून जवळजवळ मोकळा राहतो आणि रेडिओ लहरींनी आयन तापत नाहीत. सापळा ४ केल्विनपर्यंत थंड होतो. वस्तुमानानुसार निवडून आत सोडलेले आयन हेलियमच्या झोताने निवतात, त्यांच्यापैकी काहींना हेलियमचा किंवा निऑनचा अणू चिकटतो, आणि योग्य तरंगलांबीचा एकच फोटॉन शोषला गेला तरी तो अणू सुटतो. मग अणू चिकटलेले आयन किती घटले, एवढेच मोजायचे. सामान्य तापमानाच्या आयनाला तोडण्यासाठी एकामागून एक अनेक फोटॉन द्यावे लागतात आणि त्यात वर्णपटातले पट्टे रुंदावतात, सरकतात. इथला वर्णपट गणिताने काढलेल्या वर्णपटाशेजारी ठेवला की तुलना करताना मन साशंक राहत नाही.

अर्थात चिकटलेला अणू अगदीच निरुपद्रवी नसतो. निऑन पट्ट्यांना किंचित सरकवतो. हेलियमचा उपद्रव कमी, पण तो चिकटवायचा तर सापळा अधिक थंड हवा. जिथे शुद्ध आयनाचाच वर्णपट हवा, तिथे प्रकाशाने चालना मिळणारी रासायनिक अभिक्रिया हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे: प्रोटॉनयुक्त मिथेनचा २००५ साली गाजलेला वर्णपट ‘फेलिक्स’च्याच प्रकाशाने, कार्बन डायऑक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेवरून टिपला होता. (तेव्हा हा लेसर नायमेखनला नव्हे, नेदरलँड्समधल्याच राइनहाउझेन संस्थेत होता.)

खरी मर्यादा लेसरच्या रेषेच्या रुंदीची आहे. ती तरंगलांबीच्या साधारण अर्धा टक्का धरली, तर १००० प्रति सेंटीमीटरच्या (म्हणजे १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या; एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींची ही संख्या) ठिकाणी सुमारे ५ प्रति सेंटीमीटर इतका अंधुकपणा येतो. कंपनांचे पट्टे ओळखायला हे पुरते, परंतु रेणूच्या परिवलनाच्या (स्वतःभोवती फिरण्याच्या) बारीक रेषा वेगळ्या काढण्यासाठी इथे येण्यात अर्थ नाही. २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने मृग नक्षत्रातील एका तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीत ७ मायक्रोमीटरजवळ मिथाइल धनायन शोधला. अशा आयनाचा पट्टा नेमका कुठे शोधावा हे ठरवायला ‘फेलिक्स’ उत्तम. त्यापुढचा तपशील अरुंद रेषेच्या लेसरवरच मिळवावा.

लेसरवर प्रयोगासाठी वेळ मागताना प्रस्तावाची छाननी होते. म्हणून कोणता आयन, कोणत्या वायूपासून तयार होणार, त्याच वस्तुमानाचे इतर समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी) कसे वेगळे करणार आणि पट्टे कुठे अपेक्षित आहेत, याची आकडेमोड अर्जातच मांडावी. समघटकांचा प्रश्न मोकळा ठेवून आलेल्या गटाला इथे सुंदर वर्णपट मिळेल, पण तो कोणाचा हे सांगता येणार नाही.