एनडीए की सीडीएस?

सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या या दोन प्रवेश परीक्षा: एनडीए बारावीच्या टप्प्यावरची, सीडीएस पदवीच्या. बारावीत गणित पक्कं असेल तर आधी एनडीएच द्या. वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच. सीडीएस पदवीनंतरही देता येते.

एनडीएचा गणिताचा पेपर ३०० गुणांचा, अडीच तासांत १२० प्रश्न, बहुतांश अकरावी-बारावीचे. इथे अंदाजपंचे गोळे भरणारे बुडतात, कारण चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात. सामान्य क्षमतेचा पेपर मात्र ६०० चा, त्यात इंग्रजी २००. गणितात अडखळणाऱ्यांनी हे २०० सोडू नयेत.

सीडीएसचं गणित दहावीच्या आसपासचं, अंकगणित-भूमितीवर भर. आयएमएसाठी (डेहराडूनची लष्करी अकादमी) इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित प्रत्येकी १००. ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) गणित नाहीच. कला शाखेच्या पदवीधरांना हाच रस्ता सोपा.

लेखीनंतरच्या एसएसबी मुलाखत-चाचण्यांना एनडीएत ९००, आयएमएसाठी ३००, म्हणजे दोन्हीकडे निम्मे गुण. तरी लेखी होईपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही! तिथल्या शब्द-चाचणीत ६० शब्द, प्रत्येक शब्दावर वाक्य लिहायला १५ सेकंद. पाठ केलेली वाक्यं तिथे टिकत नाहीत. स्वतःबद्दल भरून दिलेल्या माहिती-अर्जातले छंद आणि उत्तरं जुळली नाहीत तर मुलाखतीत लगेच उघडं पडतं. पदवीधराला तर 'कॉलेजात तीन वर्षं काय केलंत?' याचंही उत्तर द्यावं लागतं.